विश्लेषण : जलपर्णी दिसते, पण पाण्याखालचे घुसखोर कोण मोजणार?

उन्हाळा लागला की पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून वाहणाऱ्या नद्यांचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. पवना, मुळा किंवा इंद्रायणीचे पात्र हिरवेगार दिसते आणि नवख्या माणसाला ते क्रिकेटचे मैदान वाटावे. ती असते जलपर्णी. मग डासांच्या तक्रारी येतात, निविदा निघतात, यंत्रे पात्रात उतरतात आणि पाऊस आला की उरलेली जलपर्णी वाहून खाली जाते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

हेच पाणी पुढे भीमेतून उजनी जलाशयात पोहोचते. तिथे मच्छिमाराच्या जाळ्यात वेगळेच पाहुणे सापडतात. आफ्रिकेतून आलेली चिलापी तर आता रोजचीच झाली आहे. शिवाय अधूनमधून अंगावर चिलखतासारख्या कडक पट्ट्या असलेला, तोंड खालच्या बाजूला असलेला एक मासाही निघतो. घरातल्या फिशटँकची काच साफ करायला म्हणून विकला जाणारा हाच तो ‘सकर’ मासा. मूळ दक्षिण अमेरिकेचा. बाजारात त्याला भाव नाही आणि त्याचे काटे जाळे फाडतात ते वेगळेच.

जलपर्णी सगळ्यांना दिसते, त्यामुळे निदान तिच्यावर चर्चा तरी होते. पाण्याखाली कोण शिरले, किती वाढले आणि कुठवर पोहोचले, याचा हिशेब मात्र नियमित ठेवला जात नाही. परक्या प्रजातींच्या बाबतीत सगळा खर्च आणि सगळे नुकसान याच एका गोष्टीवर अवलंबून असते : ती किती लवकर सापडली?

परकी प्रजाती आणि आक्रमक प्रजाती यात फरक काय?

एखादा जीव त्याच्या मूळ प्रदेशाबाहेर माणसामुळे पोहोचला, तर ती परकी प्रजाती. प्रत्येक परकी प्रजाती घातक नसते. मिरची, बटाटा, टोमॅटो हे सगळे अमेरिका खंडातून आलेले. आपल्या तलावांत सोडले जाणारे रोहू आणि कटला हेदेखील प्रामुख्याने उत्तर भारतातील नद्यांमधले मासे आहेत.

परकी प्रजाती नव्या ठिकाणी स्वतःहून वाढू लागली, पसरली आणि तिथल्या जीवसृष्टीला, उपजीविकेला किंवा आरोग्याला इजा करू लागली, की तिला आक्रमक प्रजाती म्हणतात. मूळ ठिकाणी तिला खाणारे शत्रू, रोग आणि स्पर्धक असतात. नव्या ठिकाणी ते नसतात. म्हणजे गाडी तीच, पण ब्रेक नसलेली.

जैवविविधतेवरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ गट असलेल्या ‘आयपीबीईएस’ने सप्टेंबर २०२३ मध्ये या विषयावर मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार माणसाने जगभरात ३७ हजारांहून अधिक परक्या प्रजाती पोहोचवल्या आहेत आणि त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक घातक ठरल्या आहेत. २०१९ मध्ये त्यांच्यामुळे झालेले वार्षिक नुकसान ४२३ अब्ज डॉलर, म्हणजे सुमारे ३५ लाख कोटी रुपयांहून जास्त होते. यातला ९२ टक्के वाटा प्रत्यक्ष नुकसानीचा आहे आणि रोखण्यावर किंवा नियंत्रणावर झालेला खर्च केवळ आठ टक्के. आग विझवायला आठ रुपये आणि जळालेले सामान ९२ रुपयांचे, असा हा हिशेब.

याच अहवालात जमीन आणि गोड्या पाण्यातील सर्वाधिक पसरलेली आक्रमक प्रजाती म्हणून जिचे नाव आहे, ती म्हणजे आपली ओळखीची जलपर्णी.

जलपर्णी अचानक कशी वाढते?

ती अचानक वाढत नाही. आपल्याला ती अचानक दिसते.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन खोऱ्यातली. जांभळ्या फुलांसाठी, शोभेची वनस्पती म्हणून १९ व्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली. पुढे तिथली भातशेती आणि जलमार्ग तिने असे अडवले, की १९३६ मध्ये बंगालमध्ये खास जलपर्णीसाठी कायदा करावा लागला.

अनुकूल हवामान आणि भरपूर खाद्य मिळाले तर जलपर्णीचे क्षेत्र एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होते. आता साधे गणित करू. एखादा तलाव आज पूर्ण झाकला गेला आहे आणि दुप्पट होण्याचा काळ दोन आठवडे धरला, तर दोन आठवड्यांपूर्वी तो अर्धा मोकळा होता. चार आठवड्यांपूर्वी पाव भाग झाकलेला होता. सहा आठवड्यांपूर्वी फक्त एक अष्टमांश. आणि १४ आठवड्यांपूर्वी? एक टक्काही नाही. काठाला अडकलेले चार-दोन पुंजके.

त्या एक टक्क्याच्या वेळी ती काढायला काही माणसे आणि एक होडी पुरते. पूर्ण झाकल्यावर पोकलेन, डंपर आणि कंत्राट लागते. शिवाय बाहेर काढलेल्या ओल्या जलपर्णीच्या वजनात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असते. म्हणजे पैसे देऊन आपण मुख्यतः पाणीच वाहून नेतो.

दरवर्षी ती परत येण्याची कारणेही ठरलेली आहेत. तिचे बी तळाच्या गाळात वीस वर्षांहून अधिक काळ तग धरू शकते. वरच्या भागात एखादा पुंजका राहिला, तरी तो खालच्या पात्राला पुन्हा पुरवठा करतो. सर्वांत मोठे कारण म्हणजे प्रक्रिया न करता सोडलेले सांडपाणी. त्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस हे तिचे आयते खत. सांडपाणी चालू ठेवून जलपर्णी काढणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे.

पाण्याखाली कोण कोण आहे?

जलपर्णीचा पसारा निदान डोळ्यांनी दिसतो. माशांचे तसे नाही. राज्यातील जलाशयांत तीन नावे वारंवार ऐकू येतात. तिघांच्या येण्याच्या वाटाही वेगळ्या.

चिलापी : मोझांबिक तिलापिया हा मासा १९५२ मध्ये मत्स्यशेतीसाठी भारतात आणला गेला. त्याची अतिवाढ लक्षात आल्यावर १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदीचा निर्णय झाला. म्हणजे चूक कळायला अवघी सात वर्षे लागली, पण तोवर तो निसटला होता. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले जगण्याचे प्रमाण मोठे. घाण पाण्यातही तो टिकतो. उजनीत आज अनेक मच्छिमारांचे घर चिलापीवर चालते, हेही तितकेच खरे. त्यामुळे ‘काढून टाका’ असे सरळ उत्तर इथे देता येत नाही.

आफ्रिकन मांगूर : आपल्याकडे देशी मांगूर आहे. पण झटपट वाढतो म्हणून आफ्रिकन मांगूर चोरट्या मार्गाने आला. तो मांसाहारी आहे, कमी प्राणवायूच्या पाण्यातही हवेत श्वास घेऊन जगतो आणि तळ्याबाहेर निसटला तर स्थानिक माशांवर ताव मारतो. केंद्राने १९९७ मध्येच त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर राज्यात अनेक ठिकाणी साठे नष्ट करण्याची कारवाई झाली. बंदी आणि ही कारवाई यांत वीस वर्षांहून अधिक अंतर आहे.

सकर मासा : हा कुणी शेतीसाठी आणला नाही. तो आला फिशटँकमधून. लहान असताना बोटभर असतो, पण वाढता वाढता टाकीत मावेनासा होतो. मग ‘मारण्यापेक्षा सोडून देऊ’ अशा दयाबुद्धीने तो तलावात किंवा नदीत जातो. काठाच्या मातीत बिळे करून तो अंडी घालतो, त्यामुळे काठ ढासळतात. कडक कवचामुळे त्याला खाणारे भक्षक कमी आणि पाण्याबाहेरही तो कित्येक तास जिवंत राहतो.

सकर मासा काय करू शकतो, हे मेक्सिकोतील इन्फिएर्नियो धरणात दिसले आहे. तिथली मासेमारी तिलापियावर उभी होती. सकर वाढल्यावर जाळी त्याच माशाने भरू लागली, जाळी फाटू लागली आणि विकण्याजोगा मासा घटला. तिलापिया हासुद्धा तिथला परकाच. म्हणजे एका परक्यावर उभी राहिलेली रोजीरोटी दुसऱ्या परक्याने हिसकावली. चिलापीवर अवलंबून असलेल्या उजनीने लक्ष द्यावे, असे हे उदाहरण आहे.

लवकर सापडल्याने खरेच फरक पडतो का?

याचे उत्तर एकाच शिंपल्याच्या दोन बंदरांतील गोष्टीत मिळते. त्यातले एक बंदर आपले मुंबई आहे.

कोकण-गोव्यात मिळणाऱ्या शिनाण्यांसारखा दिसणारा, पण खूपच लहान असा एक शिंपला आहे. शास्त्रीय नाव मायटिलॉप्सिस सॅली. मूळचा कॅरिबियन समुद्राच्या परिसरातला. जहाजांच्या तळाला चिकटून तो जगभर फिरला. भारतात १९६७ मध्ये विशाखापट्टणम बंदरात तो आढळला आणि १९७० च्या दशकात मुंबईच्या बंदरातही त्याची नोंद झाली. गोदीच्या भिंती, साखळ्या, पाइप, जहाजांचे तळ जिथे जागा मिळेल तिथे तो थर धरतो. तो इथून गेला नाही. आता खरवडणे, रंग लावणे आणि पुन्हा खरवडणे, एवढेच हातात उरते.

हाच शिंपला १९९९ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन इथे खासगी होड्यांच्या धक्क्यात पाणबुड्यांना दिसला. सुमारे सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो तिथे नव्हता. तेवढ्या काळात त्याची संख्या काही जागी चौरस मीटरमागे हजारोंवर गेली होती. प्रशासनाने काही दिवसांत तीन धक्के बंद केले, तिथून बाहेर पडलेल्या होड्यांचा माग काढला आणि पाण्यात क्लोरीन व कॉपर सल्फेट सोडले. त्यात इतर जीवही मेले. खर्च २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक झाला. पण महिनाभरात शिंपला नष्ट झाला. सागरी परकी प्रजाती एकदा वसल्यावर समूळ काढल्याची अशी उदाहरणे जगात मोजकीच आहेत.

डार्विनचे नशीबही चांगले होते. तिथल्या धक्क्यांना दरवाजे होते, त्यामुळे पाणी कोंडता आले. उघड्या खाडीत हे शक्य नव्हते. पण दरवाजे असूनही उपयोग झाला तो पाहणी वेळेवर झाली म्हणून. आणखी वर्षभराने पाणबुडे उतरले असते तर शिंपला बंदरभर झाला असता.

उजनीत असा उपाय करता येणार नाही, कारण ते सोलापूरकरांचे पिण्याचे पाणी आहे. मोठ्या जलाशयात विष सोडता येत नाही, दरवाजे लावून मासा कोंडता येत नाही. म्हणूनच तिथे प्रवेशावर आणि पहिल्या काही नोंदींवर लक्ष ठेवणे, हाच सर्वांत स्वस्त आणि बहुधा एकमेव उपाय आहे.

मग लक्ष ठेवायचे कसे?

सध्या चार पद्धती वापरात आहेत. प्रत्येकीची मर्यादा दुसरी भरून काढते.

पहिली, उपग्रह. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रे सुमारे दर पाच दिवसांनी मिळतात आणि ती मोफत असतात. त्यात १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा वेगळा ओळखता येतो. हिरवी पाने डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात, तर पाणी ते शोषून घेते. या फरकावरून संगणक जलपर्णी किती हेक्टरवर आहे ते मोजतो. पावसाळ्यात ढग आडवे येतात, तेव्हा ढगांतून पाहू शकणारे रडार उपग्रह उपयोगी पडतात. जलपर्णी पाच टक्क्यांवर असताना इशारा देणारी व्यवस्था उभी करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. पण उपग्रहाला मासा दिसत नाही.

दुसरी, पाण्यातला डीएनए. प्रत्येक जीव पाण्यात खवले, विष्ठा, त्वचेच्या पेशी सोडत असतो. लिटरभर पाणी बारीक गाळणीतून गाळायचे, गाळणीवर उरलेला डीएनए वेगळा करायचा आणि करोनाकाळात घरोघरी माहीत झालेल्या पीसीआर चाचणीने त्यात विशिष्ट प्रजातीची खूण शोधायची. फ्रान्समध्ये २००८ मध्ये अमेरिकन बेडूक शोधण्यासाठी ही पद्धत वापरली गेली. पुढे शिकागोजवळच्या कालव्यांत परक्या कार्प माशांवर नजर ठेवण्यासाठी ती नियमित झाली. मासा जाळ्यात येण्याआधी त्याची चाहूल लागते, हा तिचा मोठा फायदा. मात्र वाहत्या पाण्यात डीएनए दूरवर जातो. त्यामुळे मासा नेमका कुठे आहे, किती आहेत, जिवंत आहेत का, हे तिच्यावरून ठामपणे सांगता येत नाही.

तिसरी, बंदरांची पायाभूत पाहणी. जहाजे तोल सांभाळण्यासाठी टाक्यांत समुद्राचे पाणी भरतात आणि दुसऱ्या बंदरात ते सोडतात. त्यासोबत अळ्या, शेवाळ आणि जीवाणू प्रवास करतात. २००० नंतर ‘ग्लोबॅलास्ट’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पासाठी जगातील सहा बंदरे निवडली गेली, त्यांत मुंबई होती. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या काळात मुंबई बंदरातील जीवांची नोंद केली. अशा नोंदीशिवाय नवा पाहुणा कोण आणि जुना रहिवासी कोण, हेच कळत नाही. जहाजांतील या पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये लागू झाला.

चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित, मच्छिमार. केरळच्या अष्टमुडी सरोवरात दक्षिण अमेरिकेतील एक शिंपला पसरला तेव्हा स्थानिकांनी त्याला ‘वरत्तन कक्का’, म्हणजे उपरा शिंपला, असे नावच दिले. चेन्नईजवळच्या एन्नोर–पुलिकत परिसरात हाच शिंपला तळावर गालिच्यासारखा पसरला आणि कोळंबी घटली, ही तक्रारही आधी मच्छिमारांनीच केली. रोज पाण्यात हात घालणाऱ्या माणसाला बदल सर्वांत आधी कळतो. पण त्याचे ऐकून तारीख, जागा आणि फोटोसह नोंद करणारे कुणी असावे लागते.

कायदा काय म्हणतो आणि अडते कुठे?

वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने केंद्राला आक्रमक परक्या प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे आणि प्रसार यांवर नियंत्रण किंवा बंदी आणण्याचा अधिकार मिळाला. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. डिसेंबर २०२२ च्या कुनमिंग–माँट्रियल जैवविविधता आराखड्यात अशा प्रजातींचा प्रवेश आणि स्थिरावण्याचा वेग २०३० पर्यंत किमान निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे.

अडते ते जमिनीवर, किंबहुना पाण्यात. शहरातली जलपर्णी महापालिकेची, धरणाचे पाणी जलसंपदा विभागाचे, मासे मत्स्यव्यवसाय विभागाचे, पाण्याचा दर्जा प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. नदी मात्र एकच. पाण्याच्या तपासणीत प्राणवायू, जैविक भार, जीवाणू यांचे आकडे येतात, पण ‘या महिन्यात या ठिकाणी नवी प्रजाती दिसली का?’ हा प्रश्न त्या तक्त्यात ठळकपणे नसतो. भिगवणच्या मासळी बाजारात रोज उतरणाऱ्या मालातून आठवड्याला एकदा परक्या माशांची मोजणी झाली, तरी वर्षभरात एक आलेख तयार होईल. त्यासाठी उपग्रह लागत नाही, वही लागते. जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी नेमलेल्या समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या यासाठी आधीच आहेत. त्यांत नदीतल्या परक्या प्रजातींचे पान उघडण्याची गरज आहे.

तुम्ही काय करू शकता?

फिशटँकमधला मासा किंवा कासव नदीत, तलावात, विहिरीत सोडू नका. बाजारात मिळणारे लाल पट्ट्याचे छोटे कासवही परके आणि आक्रमक आहे. नको असेल तर दुकानदाराला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

पुण्य म्हणून बाजारातून जिवंत मासे आणून सोडण्याआधी ते कोणते आहेत, याची खात्री करा. खात्री नसेल तर सोडू नका.

जाळी, गळ, होडी एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी धुऊन कडक उन्हात वाळवा. जलपर्णीचा एक तुकडाही पुरेसा असतो.

अनोळखी मासा किंवा शिंपला दिसला तर स्पष्ट फोटो, तारीख आणि ठिकाण यांसह मत्स्यव्यवसाय विभागाला किंवा जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभागाला कळवा. आयनॅचरलिस्टसारख्या अ‍ॅपवर टाकलेली नोंदही अभ्यासकांना उपयोगी पडते.

जलपर्णीचा फोटो काढायचाच असेल, तर नदी पूर्ण हिरवी होण्याची वाट पाहू नका. दिवाळीनंतर काठाला पहिला पुंजका दिसेल तेव्हा काढा आणि तेव्हाच तक्रार नोंदवा. मार्चमध्ये व्हायरल होणाऱ्या फोटोपेक्षा तो फोटो कमी लोक पाहतील. पण त्या वेळी नदी वाचवायला होडीभर माणसे पुरेशी असतात.